चहा खोलीतच मिळेल

गेल्या काही वर्षांत माझ्या फोनात संकटांची चांगली सोय झाली आहे. पुराचा इशारा देणारं एक ॲप, विजेचा इशारा देणारं दुसरं, रुग्णवाहिका बोलावणारं तिसरं. ही सगळी मी अमरावतीतल्या एका समारंभात एका बैठकीत भरून घेतली आणि घरी आल्यावर विसरून गेलो.

समारंभ आपत्तीच्या पूर्वतयारीचा होता. ऐन उन्हाळ्यातली दुपार. दीपप्रज्वलनाची ज्योत विझू नये म्हणून सभागृहातले पंखे बंद केले होते, त्यामुळे 'उष्माघात टाळा' या पत्रकाने लोक स्वतःला वारा घालत होते. पाहुणे उशिरा आले. त्यांनी पडद्यावरच्या ॲपच्या चित्राला बोट लावून उद्घाटन केलं. पडदा कापडाचा होता, त्याला बोटाचं काय कळणार? मागे बसलेल्या एकाने लॅपटॉपची कळ दाबली, चित्र हललं आणि टाळ्या पडल्या. संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा व्यासपीठाच्या मागे होता. त्याच्यासमोर जास्तीच्या खुर्च्यांची उतरंड आणि उतरंडीवर पुष्पगुच्छ ठेवलेले होते.

माझ्या शेजारी ताई बसली होती. ताई माझ्याहून मोठी. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत ती जन्मभर पी.टी. शिकवत होती. निवृत्त झाल्यावर सासरच्या संत्र्याच्या बागेवर, शेंदूरजनाघाटला, राहायला गेली. शाळा सुटली तरी गळ्यातली शिटी सुटली नाही. तिला आता सगळेच बाई म्हणतात, भाजीवालीपासून तलाठ्यापर्यंत.

विजेच्या ॲपची माहिती सांगून झाली तेव्हा ताईने हात वर केला.

"वीज पडणार हे फोनाले समजलं. पण मानसाले कसं समजन? झाडावर चढलेल्या गड्याच्या हातात फोन असते का?"

"अत्यंत महत्त्वाचा प्रश्न," असं म्हणून वक्त्याने आभारप्रदर्शनाला सुरुवात केली. ताईने तिथेच ॲप घेतलं, बाहेर पडताना चौकीदाराला त्या मागच्या दरवाज्याची किल्ली कोणाकडे असते ते विचारलं, आणि 'साहेबांकडे, ते रजेवर आहेत' हे उत्तर पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. ती काही लिहून घेऊ लागली की मला काळजी वाटते.

पुढच्या मार्चमध्ये मी चार दिवस तिच्याकडे होतो. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांची, तोड सुरू होती. आमच्याकडे संत्र्याचा व्यापारी झाडावरचा माल बघून बाग घेतो आणि मजूर, फळं भरायचे कॅरेट, ट्रक सगळं तोच आणतो. ताईचा व्यापारी गावातल्याच मुसलमान घरातला. त्याच्या वडिलांनी ताईच्या सासऱ्यांकडून बाग घेतली, आता हा घेतो. गोरापान, बोलघेवडा, आणि ट्रक भरेपर्यंत घशाखाली घास न उतरणारा. त्याची घाई खरी होती. मार्चमध्ये आमच्याकडे अवकाळी पाऊस येतो, आणि ओला माल दूरच्या बाजारात पोचेपर्यंत सडतो. पण अवकाळीबरोबर वीजही येते, आणि ताईची नजर मालावर नव्हती, शिडीवर चढलेल्या माणसांवर होती.

या मजुरांची एक रीत आहे. वाकल्यावर खिशातला फोन खाली पडतो आणि फुटतो, म्हणून कामाला लागताना सगळ्यांचे फोन एका थैलीत जातात आणि थैली धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोठ्या कडुनिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर लटकते. दिवसभर त्या थैलीतून कव्वाली, भजन आणि लहान मुलाचं हसणं एकाच वेळी वाजत राहतं आणि कोणी बघत नाही. विजेचं ॲप सगळ्यांच्या फोनात होतं, ताईने स्वतः बसून भरून दिलं होतं. म्हणजे वीज येणार ही खबर सगळ्यांत आधी कडुनिंबाला कळणार होती.

म्हणून ताईने स्वतःचा फोन शिटीशेजारी गळ्यात अडकवला आणि धुऱ्यावर जिथे नेटवर्क मिळतं त्या जागी प्लास्टिकची खुर्ची टाकली. पहिल्याच सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं. बागेच्या कोपऱ्यात औजारांची पक्की खोली आहे, विटांची, वर स्लॅब. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टरही तिथेच. ताईने सांगितलं, लांब शिटी वाजली की हातातलं टाकायचं, खाली उतरायचं, त्या खोलीत यायचं, स्टार्टरपासून दूर बसायचं.

व्यापारी ट्रकला टेकून बघत होता. "बाई, हे तोडाई आहे का शाळा?"

"शाळाच आहे. तुमी उशिरा आले, बाहेर उभे राहा."

मजूर झाडांवर चढले. ताईने सरावाची शिटी वाजवली. लोक खरोखर भराभर उतरले. मला कौतुक वाटू लागलं होतं, तेवढ्यात ते सगळेच्या सगळे खोलीकडे न जाता कडुनिंबाकडे धावले. फोन घ्यायला. पाऊस येणार म्हटल्यावर माणूस आधी फोन वाचवतो, आणि फोन बागेतल्या सगळ्यांत उंच झाडाला टांगलेले. थैलीभोवती ही झुंबड, एकमेकांच्या खांद्यावरून हात, "माहा निळ्या कव्हरवाला दे", "अवो काकू, तो तुमचा नाई".

ताई शांतपणे चालत तिथे गेली.

"शाब्बास. सगळे मेले. आता पुन्हा करू, अन् या वेळी मरू नका."

लोक हसले. ती हसली नाही. तिने थैली खिळ्यावरून काढली आणि नेऊन खोलीतल्या खुंटीला अडकवली. मग चुलीवरचं चहाचं पातेलं, आमच्याकडचा गंज, तोही उचलून आत नेला.

"फोन खोलीत. चहाही खोलीतच मिळन. अन् शिटी वाजल्यावरच मिळन."

समारंभातल्या दीडेक तासात मी जे ऐकलं ते सगळं या तीन वाक्यांपुढे फिकं होतं. तिने एवढंच ओळखलं, की माणूस इशाऱ्याकडे धावत नाही, आपल्या वस्तूकडे धावतो. मग वस्तूच योग्य जागी ठेवली. त्या दिवसापासून लांब शिटी वाजली की शिड्या रिकाम्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी तर एक बाई शिटी वाजायच्या आधीच खोलीच्या दारात कप घेऊन उभी होती. तिला परत पाठवण्यात आलं.

त्याच दिवशी फोनाने पहिला खरा इशारा दिला. सगळे आत गेले. आकाशात एक पांढरा ढग आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तो निघून गेला. ट्रक खोळंबला. व्यापारी माझ्याकडे वळला.

"सर, तुमच्या बहिणीच्या मोबाईलले समजवा ना. डायव्हर हॉर्न वाजवून राहिला, अन् इकडे पिकनिक चालू आहे."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "वीज पडली नाई याचं तुमाले वाईट वाटून राहिलं का?"

त्याने दोन्ही हात वर केले. "तौबा, बाई."

चौथ्या दिवशी, जेवणानंतरची वेळ. डोक्यावर स्वच्छ ऊन, फक्त उत्तरेला सातपुड्याच्या कडेला एक गडद पट्टा. ट्रक जवळजवळ भरला होता. ताईच्या गळ्यातला फोन कर्कश वाजला आणि त्याच्यापाठोपाठ शिटी. मजूर उतरले, टोपल्या होत्या तिथे टाकल्या आणि खोलीत आले. कोणी कडुनिंबाकडे बघितलंही नाही. मीही आत गेलो. बायांनी स्टार्टरची बाजू मोकळी सोडून फरशीवर बैठक मारली आणि चहाच्या गंजाकडे बघू लागल्या.

ताई दारात उभी राहून माणसं मोजत होती. एक कमी होता. व्यापारी ट्रकच्या टपावर चढून एकटाच ताडपत्री ओढत होता. ड्रायव्हर केबिनमध्ये काच चढवून बसला होता, तो तिथे सुरक्षित होता. टपावरचा माणूस मात्र मोकळ्या आभाळाखाली सगळ्यांत उंच होता.

"भाऊ, खाली या!"

"आलोच बाई! एक बाजू राहिली!"

"एक बाजू राहू द्या!"

"सारा माल भिजन, बाई! अल्ला देखेगा!"

पट्टा आता पट्टा राहिला नव्हता. वारा सुटला, ताडपत्री त्याच्या हातात फडफडू लागली. लांबवर एकदा गडगडलं. ताईने पुन्हा शिटी वाजवली, तो बधला नाही. तेव्हा ती दाराबाहेर एक पाऊल टाकून ओरडली. मुलींच्या शाळेच्या मैदानाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरणारा तो आवाज होता.

"संत्रे पुढच्या बहारालेही येतीन! भाभीले मी काय सांगू? ट्रक झाकता झाकता गेला म्हनू? उतर खाली, नाई तं मी येते वर!"

आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आणि ती खरोखर ट्रककडे निघाली. ते बघून तो घाबरला. विजेला नाही, ताईला. ताडपत्री सोडून, चाकावर पाय देत तो उतरला आणि दोघं धावतच आत आले.

तो जेमतेम टेकला असेल. खोलीचं दार पांढरंशुभ्र झालं आणि आवाज कानात न येता छातीतच फुटला. एका बाईने शेजारणीचा हात धरला. खुंटीवरच्या थैलीत लहान मूल हसू लागलं, कोणाचा तरी फोन वाजत होता. कोणी उठलं नाही.

पाऊस थोडाच पडला. थांबल्यावर व्यापारी हळूच म्हणाला, "आता निघू का?"

"नाई. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास."

तो बसून राहिला. ताईने त्याच्या हातात कप दिला. ट्रक पुरता भरला नव्हता, तरी त्याने तो चहा संपवला आणि कप पुन्हा पुढे केला.

बाहेर आलो तेव्हा कडुनिंबाची साल शेंड्यापासून मुळापर्यंत सोलून निघाली होती. आतलं लाकूड ओलं आणि पांढरं दिसत होतं. खिळा तिथेच होता. मजूर झाडाला वळसा घालून शिड्या उचलायला गेले. वरच्या थरातली संत्री भिजली होती. ती उतरवून, पुसून, निवडून ट्रक दुसऱ्या दिवशी निघाला. व्यापाऱ्याने त्याबद्दल कुरकूर केली, पण अगदीच नावापुरती.

अमरावतीला परतल्यावर मी माझ्या फोनातलं ते ॲप पहिल्यांदा उघडलं. त्यात एक नकाशा आहे, आपल्याभोवती काही वर्तुळं आहेत आणि एक सूचना आहे. प्रस्तावना नाही, सत्कार नाही. माझ्या माहितीत भाषण न करता वेळेवर येणारा हा एकच पाहुणा. मला ते आवडतं. पण त्याला शिटी नाही.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, आंबिया बहाराच्या तोडीआधी मी पुन्हा ताईकडे गेलो, तेव्हा व्यापारी मला शेंदूरजनाघाटजवळच्या एका नव्या बागेत बरोबर घेऊन गेला. झाडं लगडलेली होती. त्याने फळाकडे बघितलंच नाही. मालकाला आधी विचारलं, "पक्की खोली कुठी आहे?"

मालक चक्रावला. "कावून? राहायले येता का?"

"नाई," तो म्हणाला. "चहा प्यायले."