लख्ख घासलेल्या रिव्हॉल्व्हरची किंमत

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मस्कतमध्ये इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आईच्या बोलण्यातून उचललेलं, तेवढंच. शिवाय जे सांगतोय ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळलंय असंही ठामपणे म्हणवत नाही. पण आमच्यात ते लिहील असं दुसरं कुणी नाही.

बाबा वादी अदाईतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मालक वयस्क ओमानी, त्यांना सगळे अर्बाबच म्हणत. दोन हजार चौदाच्या सुमारास त्यांचे वडील वारले आणि त्यांच्या पेटीत एक जुनं रिव्हॉल्व्हर निघालं. त्याची सरकारी कागदांत नोंद होती, त्यामुळे ते ठेवायला अडचण नव्हती. अडचण वाटणीची होती. अर्बाबना ते वडिलांची आठवण म्हणून स्वतःकडे हवं होतं. त्यांची एकच बहीण, विधवा, निझवाला राहायची. त्यांच्या कायद्याने दोन वाटे भावाचे, एक बहिणीचा. म्हणजे जी योग्य किंमत ठरेल तिचा तिसरा हिस्सा तिला पोचवायचा. पण योग्य किंमत सांगणार कोण?

अर्बाबनी बाबांना विचारलं, "तुमारा लडका कॉलेज जाता ना? उसको बोलो, दाम देखो. उसका इसमें फायदा नहीं, वो सच बोलेगा."

बाबा घरी आले ते छाती फुगवून.

मी म्हटलं, "बाबा, मी पहिल्या वर्षाला आहे. बंदुका हा विषय नसतो आम्हाला."

"मग इंटरनेट कशाला घेतलंय?"

"पण बाबा..."

"मी हो म्हणून आलोय. आता खलास."

रिव्हॉल्व्हर अर्बाबच्या केबिनमधल्या कपाटात असायचं आणि त्याची किल्ली बाबांकडे. मी अल खौदहून कॉलेज सुटल्यावर तिथे गेलो. तळहाताएवढी वस्तू. काळपट, जागोजागी गंजाचे तांबूस ठिपके, मुठीचं लाकूड एका बाजूला चिरलेलं. दोन-तीन ठिकाणी निकेलचा मुलामा शिल्लक होता. निदान मला तो निकेल वाटला. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

पुढचे तीन आठवडे माझा अभ्यास तोच. ते रिमफायर जातीचं निघालं. म्हणजे घोडा काडतुसाच्या बुडाच्या मधोमध न आदळता कडेवर आदळतो. त्या मापाची काडतुसं बनणं कधीच बंद झालंय, त्यामुळे ते उडवायला कुणी घेत नाही. घेतात ते फक्त जुन्या वस्तू जमवणारे. ते बघतात की सांगाड्यावरचा आणि काडतुसं बसतात त्या फिरकीवरचा नंबर एकच आहे का, फिरकी डगडगते का, नळीच्या आतल्या खाचा शाबूत आहेत का. सर्वांत जास्त बघतात तो मूळ मुलामा. तो अर्धामुर्धा असला तरी चालतो, पण मूळचा हवा.

एवढं कळलं, आणि किंमत मात्र आणखी धूसर झाली. एकाच बनावटीचं रिव्हॉल्व्हर एका यादीत पन्नास रियालला आणि दुसऱ्या यादीत चारशेला. विकणारा मागतो तो आकडा वेगळा आणि शेवटी हातात पडतो तो वेगळा, हे लक्षात यायलाच मला दोन आठवडे लागले. मग मी मत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका जुन्या दुकानदाराला फोटो दाखवले.

"साठ रियाल. चांदी का होता तो वजन से देता."

"चाचा, सौ साल पुराना है."

"बेटा, मेरी दुकान में मुझसे छोटा कुछ नहीं. तू भी अभी आया है, इसलिए बच गया. बेचने आया या पूछने?"

"पूछने."

"तो फिर डेढ़ सौ बोल दे."

विकायचं नाही म्हटल्यावर किंमत अडीचपट कशी झाली, हे मला वादी अदाईला पोचेपर्यंत उमगलं नाही.

शेवटी मी एका कागदावर सगळी कारणं मांडली आणि खाली लिहिलं, दोनशे चाळीस रियाल. रविवारी अर्बाब येणार होते. दोन्ही नंबर शेवटचे एकदा ताडून बघावेत म्हणून गुरुवारी दुपारी मी वर्कशॉपला गेलो. बाबांनी कपाट उघडलं आणि लाडू पुढे करावा तसं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं.

ते आरशासारखं चकाकत होतं.

"तीन तास बफच्या चाकावर घासत होतो," बाबा म्हणाले. "बघ, तोंड दिसतंय."

माझं तोंड खरंच दिसत होतं, लांबुळकं.

"बाबा, हे का केलंत?"

"दुसऱ्याची वस्तू तशीच कशी परत द्यायची?"

शेजारून भाजीचा डबा आला तर आई तो घासूनपुसून, वर काहीतरी घालूनच परत पाठवते. बाबांनी अर्बाबचा डबाच घासला होता. मी फोन काढून त्यांना दाखवलं, की पॉलिश केलेल्याची किंमत निम्म्याहूनही खाली येते.

"घाण होती म्हणून किंमत जास्त? हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" बाबा हसले. मग फोनवरचे आकडे बघून हसायचे थांबले. स्टुलावर बसून कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी. "आता किती?"

"नव्वद."

"म्हणजे त्या बाईला ऐंशीच्या जागी तीस."

नव्वद सांगावेत तर आमच्यामुळे एका विधवेचे पन्नास रियाल बुडणार. दोनशे चाळीस सांगावेत तर जी वस्तू आता राहिलीच नाही तिचे पैसे अर्बाब भरणार. खरं सांगावं तर बाबांचा व्हिसा अर्बाबच्या हातात आणि माझी फी बाबांच्या पगारात. आणि अर्बाबनी मला निवडलं होतं ते मी खरं सांगेन म्हणून.

घरी बाबा एवढंच म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तू ठरव." त्या वाक्याचा मला फार राग आला होता.

रविवारी मी त्याच कागदावर खाली नव्वदही लिहून दोन्ही आकडे सांगितले. आधीचा, आताचा आणि मधलं कारण. बोलताना तीनदा अडखळलो. अर्बाब रिव्हॉल्व्हर हातात फिरवत होते.

"किसने रगडा?"

"मैंने, अर्बाब," बाबा म्हणाले. "मेरे पगार से काट लो."

अर्बाबनी माझा कागद ओढून घेतला, नव्वदवर रेघ मारली. "दो सौ चालीस. खलास." मग बाबांकडे बघून, "यल्ला, चाय बोलो. और लडके को मीठा ज्यादा, उसका मुँह सूख गया."

पगार कापला गेला नाही. बाबा मात्र पुढे कित्येक शुक्रवार, सुट्टी असूनही, न सांगता कामावर गेले. मला वाटत राहिलं, की आमच्या चुकीचे पैसे एका भल्या माणसाने भरले. कधी वाटायचं, मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. कधी वाटायचं, किंमत काढायलाच नको होती.

शिक्षण संपवून मी पुण्याला नोकरीला आलो. त्यानंतर वर्षभरात अर्बाब गेले. बाबा त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तिथे त्यांना अर्बाबच्या बहिणीचा मुलगा भेटला. त्याने बाबांना ओळखलं आणि हसत विचारलं, "वो पिस्तौल चमकानेवाला आप ही?"

मग त्याने जे सांगितलं ते बाबांनी मला जसंच्या तसं सांगितलं. अर्बाब लहान असताना त्यांचे वडील दर ईदला त्यांच्याकडून ते रिव्हॉल्व्हर वाळू आणि लिंबाने घासून घ्यायचे, खंजीर घासतात तसं. निकेल तेव्हाच गेलं होतं, बाबांनी घालवण्याजोगं काही उरलंच नव्हतं. बहिणीने ते डोळ्यांनी बघितलं होतं. ऐंशी रियाल पोचले तेव्हा तिने भावाला फोनवर विचारलंही होतं, इतके कसे? अर्बाब म्हणाले होते, कॉलेजात शिकलेल्या मुलाने किंमत काढलीय, तू मध्ये बोलू नकोस.