पाचव्या घरचं कापड

माझ्या भावाची पहिली दोन लेकरं महिन्याच्या आत गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा आईनं ठरवलं, बारशाला त्याला मागून आणलेल्या कापडाची कुंची घालायची. आमच्याकडे तशी रीत होती. ज्यांची सगळी लेकरं जगली, अशा पाच घरच्या बायांकडून जुन्या कपड्यांचे तुकडे मागायचे आणि त्यांची कुंची शिवायची, म्हणजे लेकरू टिकतं. कुंची द्यायची आत्यानं, म्हणून मागायलाही मीच. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. हाताला शिवण चांगलं होतं आणि नाकावर कायम राग.

लढाईमुळे कापड रेशनच्या कार्डावर मिळायचं, चिंधीसुद्धा कुणी सहज सोडत नसे. तरी चार घरचं मिळालं. मशिदीजवळच्या चाचींनी तर लेकाच्या हिरव्या कुडत्याची अख्खी बाही दिली आणि बाळासाठी दुवा मागितली. पाचवं घर विहिरीपलीकडचं. तिथल्या बाईची सहाच्या सहा लेकरं धडधाकट. पण वहिनीचं दुसरं लेकरू, मुलगी, गेलं तेव्हा हीच बाई विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली होती, हिच्या कुशीत लेकरू टिकत नाही. मी तिची भरलेली घागर लाथेनं कलंडली होती. तेव्हापासून बोलणं बंद होतं. तिच्यापुढे पदर पसरण्यापेक्षा विहीर जवळ करीन, असं मला वाटायचं.

मग मी सोपी वाट धरली. माळ्यावरच्या गाठोड्यात एक मऊ पिवळं कापड सापडलं. आईच्या जुन्या लुगड्याचं असेल, असं समजून मी ते कापलं आणि कुंचीच्या टोपऱ्याला आतून अस्तर लावलं. पाच घरं झाली, असं आईला खुशाल सांगून टाकलं. खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

वहिनी मात्र रोज विचारायची, पाचही घरचं झालं ना? बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की बोट काढायची, पुन्हा धरायची. मी दर वेळी हो म्हणायची.

बारशाच्या आदल्या दुपारी तिनं मला हळूच जवळ बोलावलं. माळ्यावरच्या गाठोड्यात पिवळं दुपटं आहे, तेवढं काढून द्या म्हणाली. मुलगी जितके दिवस जगली तितके दिवस त्यातच गुंडाळलेली होती. आईला नकळत वहिनीनं ते जपून ठेवलं होतं. एकदा बघायचं आणि परत ठेवायचं, एवढंच.

सापडत नाही, उद्या बघते, असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर आले. गेलेल्या लेकराचं कापड मी जित्या लेकराच्या डोक्याला शिवलं होतं. आज मी असलं काही मानत नाही. तेव्हा पुरतं मानत होते. त्याला काही झालं तर ते माझ्या हातानं, याबद्दल मला शंका नव्हती.

सकाळी उठल्याबरोबर अस्तर उसवलं आणि विहिरीपलीकडे गेले. बाई भाकरी थापत होती. तिनं मला उंबऱ्याशी उभंच ठेवलं. तव्यावरची भाकरी उतरली, दुसरी पडली, तीही उतरली. मग विचारलं, "कशाला आलीस?"

"आमच्या लेकराला तुमच्या घरचं कापड पायजे," मी म्हटलं आणि पदर पसरला. लाजेनं कान तापले होते.

ती उठली. वलणीवरचं लुगडं ओढून तिनं पदराकडचा तुकडा टर्रकन फाडला, तोही चांगला, विटलेला नव्हे. माझ्या पदरात टाकला आणि पुन्हा चुलीपुढे बसली. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही.

घाईघाईनं नवं अस्तर शिवलं. दोनदा सुई बोटात गेली. दुपारी कुंची आणि ते कापलेलं पिवळं कापड घेऊन मी वहिनीपुढे बसले आणि सगळं सांगितलं. ती मला शिव्याशाप देईल, म्हणून मान खाली घालून बसले होते.

वहिनीनं तो तुकडा तोंडाला लावला. मग म्हणाली, "वन्सं, कशापायी उसवलं वो? आतनं का हुईना, बहिनीची ऊब लागली आसती त्याला."

बाहेर बायका जमायला लागल्या होत्या. मला दोरा ओवता येईना, तोही तिनंच ओवून दिला. पाचव्या घरच्या कापडाखाली मी ते पिवळं पुन्हा शिवलं. आईला आम्ही कधीच सांगितलं नाही.

मुलगा जगला, आता नातवंडांवर ओरडत असतो. बारशाला त्याच्या कानात नाव सांगायला मी पाळण्यात वाकले तेव्हा टोपऱ्याच्या कडेनं पिवळा धागा दिसला आणि मला रडू फुटलं. रीतीप्रमाणे बायका माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या. फार लागलं बिचारीला, असं त्यांना वाटलं.