शालीच्या टाळ्या
हॅरोच्या दुकानात मी गणपतीसाठी कापूर हुंगून बघत होते, तेवढ्यात रेडिओवर त्याचं रॅप लागलं. खाली लंडनचं बीट आणि वर त्याच्या आजोबांचा घानाचा ढोल, बगलेत दाबला की बोलणारा. तोच ढोल घेऊन तो गेल्या गणपतीत आमच्या स्टॅनमोरच्या घरी आरतीला आला होता. आम्हाला लग्न करायचंय हे मी बाबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते एवढंच म्हणाले, "घेऊन ये." आरतीत त्याने झांजांना असा ठेका दिला की मावश्याही डोलायला लागल्या. कोपऱ्यात, माझ्या शेजारीच, त्याचा फोन रेकॉर्ड करत होता. आरतीनंतर बाबांनी त्याला शाल पांघरली, नारळ दिला आणि सगळ्यांना मराठीत म्हणाले, "हे कलाकार, खास आपल्यासाठी आले." टाळ्या पडल्या. तो आनंदाने बाबांच्या पाया पडला. आम्ही दोघं परतताना ट्रेनमध्येही त्याने शाल काढली नाही. अशी शाल आम्ही पाहुण्या कलाकाराला देतो, जावयाला नाही, हे मी त्याला अगदी त्याचं स्टेशन आल्यावर सांगितलं. त्याने शालीची नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरला. रेडिओवर गाणं संपताना त्याच टाळ्या ऐकू आल्या, आणि त्यांच्याआडून त्याने माझ्या कानाशी हळूच विचारलेलं, "बाबा हो म्हणाले ना?"