तळघरातलं कोरडं धुणं

यिल्व्हा राहायला आली त्याच दिवशी गुन्नेलनं तिला तळघरात पकडलं. कपडे सुकवायच्या यंत्रातून निघालेला मांजराएवढा धाग्यांचा बोळा दोन बोटांत धरून एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईनं दार अडवलं आणि खुनाचं हत्यार दाखवावं तसा तो नाचवत विचारलं, "हे कुणाचं?" बोळा आधीच्या भाडेकरूचा होता. तरी यिल्व्हानं चार वेळा माफी मागितली. गुन्नेलला पोरगी तिथंच आवडली.

स्वीडनमधल्या सोदरहामन गावच्या त्या इमारतीत तळघरातली धुण्याची खोली सगळ्यांची मिळून एकच, आणि गुन्नेल तिची स्वयंघोषित महाराणी. भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फळीवर हव्या त्या वेळेला आपलं कुलूप अडकवलं की तीन तास खोली तुमची. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या किल्लीनं दार उघडत नाही. बाकीचं राज्य गुन्नेल चिठ्ठ्यांवर चालवायची. "साबणाचा खण पुसा." "विसरलेले मोजे चालत घरी येत नाहीत."

हिवाळ्यात यिल्व्हाचं कुलूप दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिसू लागलं, संध्याकाळी पाच ते आठ. यिल्व्हा आणि तिचा नवरा रिकार्ड, दोन माणसांचं एवढं धुणं? आठनंतर गुन्नेलनं धुण्याच्या यंत्रात हात घालून पाहिला. कोरडं ठणठणीत! पुढच्या वेळीही तसंच. नियमावलीत बावीस कलमं होती, पण वेळ घेऊन न धुणाऱ्याचं काय करायचं, हे एकातही नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवून शेवटी तिनं शुक्रवारी इमारतीच्या दारावर चिठ्ठी लावली: "घर नंबर ३२, खोली धुण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही." आणि तोंडीही सुनवावं म्हणून ती खाली उतरली.

"कोण आहे?" आतून बारीक आवाज आला.

"मी, गुन्नेल. उघड."

यिल्व्हा टोपलीवर बसली होती. टोपलीत घडी न मोडलेले टॉवेल. बाही वर सरकली होती आणि मनगटावर चार बोटांचे हिरवेनिळे वळ.

"अगं, हे काय?"

"रिकार्ड," यिल्व्हा म्हणाली. "या दोन्ही दिवशी तो लवकर येतो. किल्ली माझ्याकडे असते. धुतेय म्हटलं की तो खाली येत नाही."

"रिकार्ड? कचऱ्यात बाटल्यांची झाकणंसुद्धा वेगळी टाकतो तो?"

"तोच."

गुन्नेलच्या डोक्यात काही बसेना. मग एकदम दारावरची चिठ्ठी आठवली. दुखरा गुडघा विसरून ती जिना चढली. टोपीवरचा बर्फ तसाच ठेवून रिकार्ड चिठ्ठी वाचत उभा होता.

"गुन्नेल, बसते म्हणजे? करते काय ती खाली?"

"धुते! दुसरं काय करणार? बेचाळीसच्या जागी बत्तीस लिहिलं मी."

"तुम्ही? आणि चूक?"

"म्हातारी झाले रे. आणि तू पाय पूस आधी, पायरी ओली झाली."

तो हसला, पाय पुसून वर गेला. त्याला पटलं की नाही, ते तिला कळलं नाही. एवढा सभ्य हसला तो!

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांच्या मदतकेंद्राला फोन लावला. "येऊन घेऊन जा तिला!"

"ती काय म्हणते?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"म्हणते, अजून नाही निघायचं."

"मग घाई करू नका. ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा, आमचा नंबर द्या, आणि तुमचं दार तिला उघडं आहे म्हणून सांगा."

"आणि नियम काय?"

"याला नियम नाही हो."

फोन ठेवून गुन्नेलनं बावीसही कलमं पुन्हा चाळली. मार खाणारी थांबते, मारणारा नमस्कार करतो, आणि नियम नाही! मग तिनं अकरा वर्षं कुणाला न दिलेली आपली बुधवारची वेळही यिल्व्हाला दिली. धुणं खरं वाटावं म्हणून ती खाली जाऊन स्वतःच टॉवेल भिजवायची, आणि रिकार्डला ऐकू जाईल असं जिन्यात ओरडायची, "यिल्व्हा, संपव गं लवकर, काय ते डाग!"

एप्रिलमधल्या एका मंगळवारी यिल्व्हा मागच्या दारानं मदतकेंद्राच्या गाडीत बसून गेली. रिकार्ड अजून तिसऱ्या मजल्यावर राहतो. यिल्व्हाचा नवा पत्ता गुप्त आहे. ती कुठं आहे, हे गुन्नेललाही माहीत नाही.