सर शेवटी जेवायचे

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलंय. दलित पोरांसाठी काढलेल्या आपल्या नगरच्या कॉलेजात आज माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता.

बहात्तरच्या दुष्काळात तिथल्या बोर्डिंगात आपण अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. प्राचार्य सर ताट घेऊन रांगेत शेवटी उभे राहायचे. "शेवटचं पोरगं जेवल्याबिगर माज्या ताटात भाकर वाढायची न्हाई," असा त्यांचा आचाऱ्याला दम होता.

आज नव्या प्राचार्यांनी सरांच्या फोटोला हार घातला आणि आपल्याला एसी हॉलमध्ये जेवायला नेलं. बोर्डिंगची पोरं बाहेर उन्हात रिकामी ताटं घेऊन उभी! "आधी पाहुण्यांचं होऊ द्या," म्हणे.

लाज कशी वाटत नाही यांना? पण मीही श्रीखंड संपवूनच उठलो. आत आपली अख्खी बॅच होती. एकानं तरी ताट बाजूला सारलं का रे?