जीपमधून कोण उतरलं होतं

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती उलटी सांगितली जाण्यातच माझी प्रतिष्ठा होती. माझे व्याही अरविंदराव गेल्या जानेवारीत आयर्लंडमध्ये लिमरिकला, त्यांच्या मुलाच्या घरी वारले. बातमी कळली तेव्हा सून फोन हातात धरून जिन्यातच बसली. ती तेवढी गेली. आम्ही इकडे डब्लिनजवळ ओंगारलाच थांबलो. कोरोनामुळे अंत्यविधीला मोजकीच माणसं चालत होती, बाकीच्यांनी पडद्यावर बघायचं...

अरविंदराव नागपूरला एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. मुलांनी आम्हा दोन्ही जोडप्यांना केनियाच्या सफारीला पाठवलं, तेव्हा निवृत्त होऊनही ते कामावर रुजू झाले. मलेरियाची गोळी जेवणानंतर स्वतः माझ्या तळहातावर ठेवायचे. परत आल्यावरही, गोळ्या संपेपर्यंत फोन. संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्या, दात घासायलाही बाटलीचंच पाणी. मी चिडवायचो, "अहो, सुट्टीवर आलात ना?" तर म्हणायचे, "डास कुठे सुट्टीवर आहेत, नानासाहेब?" पहिल्याच सकाळी त्यांनी चौघांच्या गळ्यात शिट्ट्या अडकवल्या आणि बजावलं, "ड्रायव्हरला विचारल्याशिवाय पाय खाली नाही. लघवीला लागली तरी. लाजायचं नाही."

मी लाजलो. रक्तदाबाची गोळी, वर दोन कप कॉफी, आणि शेजारी विहीणबाई! सगळे हत्ती बघत असताना मी मागून हळूच उतरलो आणि झुडपाआड गेलो. झुडपापलीकडे रानम्हैस उभी होती. शिट्टी गळ्यात होती, पण हात उचलेना. मग कोपराला कुणीतरी धरलं. "पळायचं नाही. माझ्या मागे राहा, आणि उलटी पावलं टाका." अरविंदराव माझ्या आणि तिच्या मध्ये उभे होते. आम्ही तसेच जीपपर्यंत आलो. ड्रायव्हर ओरडला, कोण उतरलं? मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी. नानासाहेब मला आणायला आले."

रात्री मी विषय काढला, तर हसले. "राहू द्या. तुम्ही वरपक्ष. मुलीच्या बापाला चार माणसं हसली तर काय बिघडतं?"

बिघडलं. डब्लिनच्या प्रत्येक गणपतीत हा किस्सा रंगायचा. विहीणबाई म्हणायच्या, "जन्मभर दुसऱ्यांना दटावलं, आणि स्वतः म्हशीच्या पुढ्यात!" हॉल हसायचा. मीही हसायचो, लोक माझी पाठ थोपटायचे. ज्या माणसानं आयुष्यात एक नियम मोडला नाही, त्याची ओळख तेवढीच उरली. तेही हसायचे, फक्त माझ्याकडे बघायचे नाहीत... मागच्या वर्षी ठरवलं, लिमरिकला जाऊन सर्वांसमोर खरं सांगायचं. मग प्रवासावर बंदी आली. फोनवर नको म्हणून थांबलो. तिथंही लाजलोच असणार.

अंत्यविधीच्या दिवशी ती शिट्टी मी कपाटातून काढून हातात धरून बसलो होतो. शेवटी प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे होते. माझी पाळी आली. मी म्हणालो, "अरविंदराव, उतरलो मी होतो. मला क्षमा करा."

पडद्यावरचे चेहरे तसेच. मुलगा कानाशी वाकला, "बाबा, तुमचा माइक बंद आहे."

त्यानं तो सुरू करून दिला. विहीणबाई वाट बघत होत्या. मी म्हणालो, "फार सावध माणूस होता," आणि हात जोडले.