दिसला तेवढाच कुरव

पत्रक कसं लिहायचं हे मी आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या वाचनालयात शिकले. आधी मागणी, मग कारण, शेवटी इशारा. कारण कमी पडलं तर इशारा वाढवायचा. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘असे दिसते’ असे शब्द आले की शिकवणारे दादा पेन उचलून खोडायचे. लोक आधीच गोंधळलेले असतात, त्यांच्यात आपला गोंधळ कशाला मिसळायचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. इतकं पटलं होतं की घरी आईने भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तरी मी निषेध नोंदवल्यासारखं उत्तर द्यायचे.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्यापासून बसने तासाभरावर. गावाला एक तलाव आहे, आणि गेल्या हिवाळ्यात त्याचं सुशोभीकरण करायचं ठरलं. सुशोभीकरण म्हणजे तीन बाजूंनी रंगीत फरशी, मध्ये कारंजं, आणि पश्चिमेकडचा चिखल मुरूम टाकून बुजवून त्यावर चालायचा ट्रॅक. नकाशात त्या चिखलावर तिरप्या रेघा मारून लिहिलं होतं ‘अनुपयोगी जागा’. थंडीत त्याच अनुपयोगी जागेवर दिवसभर पांढरी पाखरं बसलेली असायची. ती कुरव आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो चिखल वाचला पाहिजे एवढं मात्र मी ठरवून टाकलं होतं. हरकती द्यायला तीस दिवस होते.

माझी हरकत फक्त ट्रॅकवर नव्हती. तलावाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी गावातले एक शेठ पिशवीभर शेव घेऊन यायचे आणि पाखरांना उधळायचे. त्यांचं किराणा आणि फरसाणचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठजी माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. मी त्यांच्यावर वेगळं पत्रक काढलं. मथळा होता, ‘पाखरांना तळलेलं घालून पुण्य मिळत नाही’. खाली मुक्या जिवांच्या आरोग्याशी चाललेल्या खेळाबद्दल चार कडक परिच्छेद. पत्रक मी स्वतः त्यांच्या दुकानाच्या फळीवर ठेवून आले. चार दिवसांनी आमच्याच घरी अर्धा पाव शेव आली ती त्याच पत्रकात बांधून. मथळा बाहेरच्या बाजूला नीट दिसेल असा.

कडं मला दिसलं ते हरकतीच्या तिसऱ्या दिवशी. चिखलावर उभ्या असलेल्या एका पाखराच्या पायात काहीतरी लाल होतं. मी जळगावच्या एका बाईंना फोन लावला. त्या तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि रविवारी दुर्बीण गळ्यात घालून यावलकडच्या पाण्यावर पाखरं मोजत फिरतात. एका मोर्च्यात त्यांची ओळख झाली होती. मोर्च्यात त्या घोषणा देत नव्हत्या, वर बघत चालत होत्या. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं की तो कुरव आहे, समुद्राकाठचा पण थंडीत आत येणारा. संशोधक अशा पक्ष्यांना पकडून पायात रंगीत कडं घालतात आणि सोडून देतात. कड्यावर अक्षरं असतात. मग जिथे ज्या कोणाला तो दिसेल त्याने रंग, पाय आणि अक्षरं कळवायची. परत पकडावं लागत नाही. बघणाऱ्यांच्या नोंदी जोडून पक्ष्याचा प्रवास कळतो.

“अक्षरं वाच आणि पाठव,” त्या म्हणाल्या. “तो कुठून आला ते कडं घालणारे सांगतील.”

मला एवढंच ऐकू आलं की तो कुठून तरी लांबून आला आहे. बाईंची जुनी दुर्बीण मी एसटीने मागवली आणि आठ सकाळी बांधावर बसले. कुरव लांब. चिखलात पाय रुतलेला. पाय वर आला तर कडं नसलेला. पाखरू एका पायावर उभं राहून झोपतं, आणि हे पाखरू नेमकं कड्याचा पाय पोटात घेऊन झोपायचं. पहिलं अक्षर कळलं, तिसरं जवळजवळ कळलं, मधलं कधीच नाही. नवव्या दिवशी छापखान्याची वेळ आली. मी पत्रक दिलं. मथळा: ‘रशियाहून आलेल्या पाहुण्याला मुरमाखाली गाडणार का?’ रशिया का, असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की थंडीत येणारी पाखरं रशियाहूनच येतात, हे शाळेत कुठेतरी होतं. कोणी विचारलं नाही. गावात पत्रक खूप गाजलं.

फक्त बाईंनी विचारलं. मधलं अक्षर काय होतं?

मधल्या अक्षरासाठी मला शेवटी पायऱ्यांवर जावं लागलं. कारण कुरव माणसाच्या जवळ यायचे ते एकाच ठिकाणी, शेठजींच्या हाताशी. शेव हवेत उडाली की ते डोक्यावर येऊन पंख फडफडवत थांबायचे आणि वरच्या वर टिपायचे. मी दोन पायऱ्या सोडून उभी राहिले, फोन काढला. शेठजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

“पत्रक घेऊन आल्या का ताई? मागचं संपलं. कागद चांगला होता.”

मी म्हटलं, एका पाखराच्या पायात कडं आहे, त्यावरची अक्षरं वाचायची आहेत. सरळ सांगितलं, मागायला गेल्यावर वाकडं बोलायचं कसं, हे मला येत नाही.

त्यांनी तीनही अक्षरं सांगितली. मान न वळवता, गाडीचा नंबर सांगावा तशी. दुकानात माल घेऊन येणाऱ्या ट्रकचे नंबर जाताजाता वाचायची त्यांना आयुष्यभराची सवय. हा लाल कड्याचा तीन वर्षांपासून येतो, म्हणाले. पहिल्या दिवशी दिसला की दुकानातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करतात. का करतात, विचारलं. तर म्हणाले, आला म्हणून. तीनही वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर होती.

मी आठ दिवस चिखलात बसून जे मिळवलं नव्हतं ते शेव घालणाऱ्या माणसाकडे तीन वर्षांपासून होतं. मला राग आला. कोणावर ते ठरवायला वेळ लागला, पण राग होता. मी म्हटलं, शेठजी, सुनावणीला ही कॅलेंडरं घेऊन याल का? त्यांनी पिशवी झटकली, उरलेला चुरा पाण्यात टाकला.

“आधी आरोपी केलं, आता साक्षीदार करता? कोर्टसुद्धा एवढ्या लवकर बदलत नाही.”

येतो की नाही, ते सांगितलं नाही.

त्या सकाळी मी फोनवर फोटोही काढले. अक्षरं तीच होती. बाईंनी नोंदीचा फॉर्म पाठवला. रंग, पाय, अक्षरं, जागा, तारीख, आणि शेवटी एक रकाना: पक्षी काय करत होता? मी लिहिलं, ‘मुक्त विहार’. बाईंनी परत पाठवला. मी लिहिलं, ‘अन्नग्रहण’. परत आला. मग फोनवर अर्धा तास भांडण झालं. शेव लिहिली तर ट्रॅकवाले म्हणतील, पाखरं शेवेसाठी येतात, चिखलाचा संबंध काय, हे मी त्यांना समजावत होते. त्यांचं एकच. तो शेव खात होता ना? मग शेव लिही. मी लिहिलं. आयुष्यात एवढ्या नाराजीने मी तीन शब्द कधी लिहिले नव्हते: ‘शेव खात होता.’

कडं घालणाऱ्या संशोधकांचं उत्तर सुनावणीच्या दोन दिवस आधी आलं. आभार मानले होते आणि पक्ष्याचा इतिहास जोडला होता. चार हिवाळ्यांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर, एका मासळी बंदरात, त्याला पकडून कडं घातलं होतं. मधल्या काळात एकदा गुजरातच्या एका तळ्यावर कोणाला तरी दिसला. मग आम्ही. एवढंच. रशियाचं नावसुद्धा नव्हतं. मी ताबडतोब लिहून विचारलं की मूळचा कुठला ते सांगा. उत्तर आलं, पकडला तेव्हा तो पूर्ण वाढलेला होता, जन्म कुठे झाला ते माहीत नाही. मी पुन्हा लिहिलं, निदान हिमालयापलीकडून येतो एवढं तरी लेखी द्या. त्यांनी लिहिलं: ही जात त्या बाजूच्या उंच सरोवरांवर अंडी घालते हे खरं आहे. या पक्ष्याला तिथे कोणी पाहिलेलं नाही.

मी ते उत्तर तीनदा वाचलं. असल्या माणसांना आमच्या वाचनालयात एक आठवडा ठेवलं पाहिजे, असं मला वाटलं.

सुनावणीला पंचायत कार्यालयाचा हॉल भरला होता. ठेकेदाराच्या बाजूचे एक सदस्य माझं पत्रक हातात घेऊन उभे राहिले. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि उत्तराची प्रत नोंदीच्या फॉर्मसकट मी स्वतःच हरकतीला जोडली होती, कारण बाईंनी सांगितलं होतं की जोडायची तर पूर्ण जोड, नाहीतर मी येत नाही. त्या सदस्यांनी ती प्रत मोठ्याने वाचली. पाहुणा रशियाचा नाही, मासळी बंदरातला निघाला, म्हणाले. हॉल हसला. मग त्यांनी शेवटचा रकाना वाचला आणि हॉल आणखी हसला. शेव तर ट्रॅकवरही टाकता येईल, त्यांनी सांगितलं. वाटल्यास शेवेसाठी वेगळा कट्टा बांधून देऊ, फरशीचा.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे इशारा होता, कारण नव्हतं.

तेव्हा मागून शेठजी उठले. काखेत तीन कॅलेंडरं गुंडाळलेली. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि गोल दाखवले. पहिल्या वर्षी देवदिवाळीच्या आठवड्यात. तिसऱ्या वर्षी देवदिवाळीच्या आठवड्यात. मधल्या वर्षी मात्र संक्रांत उलटून गेल्यावर.

“मधल्या साली पाऊस लांबला, तलाव काठोकाठ होता,” ते म्हणाले. “चिखल पाण्याखाली. शेव मी रोज नेत होतो, कोणी आलं नाही. संक्रांतीनंतर पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, तेव्हा हा आला. माझी शेव दहा मिनिटांची आहे साहेब. बाकीचा दिवस ते तिथे बसतात. माझ्या दुकानात येऊन नाही बसत.”

सदस्य म्हणाले, कॅलेंडर म्हणजे काय पुरावा? शेठजींनी कॅलेंडर त्यांच्याकडे सरकवलं. सदस्यांच्याच घरचं लग्न त्याच पानावर लिहून ठेवलेलं होतं, फरसाणची ऑर्डर म्हणून. ते खोटं आहे का, एवढंच शेठजींनी विचारलं.

निर्णय कागदावर आला तो असा: पश्चिमेकडचा भाग तूर्त वगळण्यात येत आहे, मात्र कड्याचा पक्षी येत असल्याची नोंद हरकतदाराने दर हिवाळ्यात सादर करावी, अन्यथा फेरविचार करण्यात येईल. म्हणजे एका अख्ख्या तलावाचा काठ एका पाखराच्या एका पायावर उभा केला. मला ही विजयाची भाषा वाटली नाही. पण दादांनी पेढे वाटले.

या हिवाळ्यात देवदिवाळी गेली. कुरव आले. मी रोज सकाळी पायऱ्यांवर. शेव उडायची, पाय मोजायचे, लाल कडं नाही. चिखल उघडा होता आणि त्यावर तीस-पस्तीस जण बसलेले असायचे, सगळे बिनकड्याचे, म्हणजे कागदोपत्री कोणीच नसलेले. संक्रांत गेली. बाईंनी कळवलं की यावलकडेही नाही, कुठूनच नोंद नाही. मेला का, मी विचारलं. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

दादांनी रस्ता सोपा करून दिला. लिही दिसला म्हणून, पाय काय साहेब तपासायला येणार आहेत? मागच्या वर्षीचा फोटो जोड. एका अक्षराचा प्रश्न नाही, अख्ख्या चिखलाचा आहे. मी फॉर्म भरला. रंग, पाय, अक्षरं, सगळं पाठ होतं. साक्षीदाराच्या सहीसाठी दुकानात गेले.

शेठजींनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर गोल नव्हता.

“सही करतो,” ते म्हणाले. “सरकारी कागद शे, त्याच्यावर बठ्ठा, सगळा गाव सही करस. पण गोल नाही करणार.”

आणि खरंच पेन काढलं. मी फॉर्म ओढून घेतला. तिथेच, साखरेच्या पोत्यावर बसून दुसरा भरला. त्यात लिहिलं की लाल कड्याचा पक्षी या हिवाळ्यात दिसला नाही, इतर कुरव रोज दिसले, चिखलावर बसलेले दिसले. पुढे मागणी लिहायची सवय हाताला आहे. हात थांबवावा लागला. शेठजींनी खाली सही केली आणि मला म्हणाले, आता दादांना काय सांगणार? मी म्हटलं, हेच.

कार्यालयात आवक विभागाच्या लिपिकाने कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

“मॅडम, नाही दिसला हे सांगायला आलात?”

हो, म्हटलं.

“मग न देता चाललं असतं. दिला की फाइल उघडावी लागते.”

मी म्हटलं, उघडा. त्याने शिक्का शोधला, शाईवर दाबला, आणि कोपऱ्यात मारला. पोच द्यायला तो विसरत होता. ती मी मागून घेतली.